मापाड्याचे दोन प्रश्न
शहरातल्या कॉम्प्युटरवाल्यानं आमच्या मापाड्याला फसवलं. परवा नव्या तुरीचा वास आला आणि ते पुन्हा डोक्यात गेलं. अशाच तुरीच्या हंगामात मंठ्याच्या माझ्या आडत दुकानात तो वजनं नोंदायचा प्रोग्राम विकायला आला होता. वापरून बघताना मापाड्याकडून एका वजनात एक शून्य जास्त पडलं, तरी यंत्रानं ते गुपचूप गिळलं. "तुमच्या माणसाला आधी शिकवा," कॉम्प्युटरवाला म्हणाला. मी ओरडलो, "उचल तुझा डबा!" मापाडी मात्र शांत होता. "शेठ, काट्यावर मी वजन पुकारतो, शेतकरी तेच परत बोलतो, मंगच लिहितो. चुकलं तर आडवी रेघ मारतो, खोडत न्हाई. डब्याला तेच इचारा. लिहायच्या आधी परत दाखवतो का? चुकी दिसू देतो का?" कॉम्प्युटरवाल्यानं ते उतरवून घेतलं आणि आठवड्यात प्रोग्राम सुधारून आणला. मापाड्यानं तपासला, हसला, "आता बराबर इचारून राह्यला." पुढे प्रत्येक नवा प्रोग्राम आम्ही असाच पारखला. आज तालुक्यातले दुकानदार प्रोग्राम घेण्याआधी मापाड्याला बोलावतात, याचं मला फार बरं वाटतं. पण कॉम्प्युटरवाल्यानं ते प्रश्न 'प्रोग्राम तपासण्याचे नियम' म्हणून स्वतःच्या नावानं छापले. मापाड्याचं नाव त्यात का नाही, याचा जबाब त्यानं इथं येऊन, मापाड्यासमोर द्यावा.