घड्याळ बघणाऱ्याची मेहनत

तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा माझी पीएचडी अर्ध्यावर होती. आई आधीच गेली होती आणि मी एकुलती एक. पुण्याहून महिनाभराच्या सुट्टीवर गावी, कोल्हारला आले, ती राहूनच गेले. तात्यांचा उजवा हात-पाय गेला होता, जीभ जड झाली होती. माझं काम गणिताचं. लॅपटॉपवर कुठेही होईल, असं मी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, सांगितलं.

माझा विषय होता घड्याळं, पण भिंतीवरची नव्हेत. दोन अतिसूक्ष्म खळगे आणि एकातून दुसऱ्यात उडी मारणारा इलेक्ट्रॉन. त्याची एक उडी म्हणजे घड्याळाची एक टिक. जे पुढे जातं तितक्याच सहज मागेही येतं, त्यावरून वेळ कळत नाही. घड्याळाला एकाच दिशेनं जावं लागतं, आणि तसं जायचं तर थोडी उष्णता बाहेर टाकावीच लागते. किती, ते मी शोधत होते. माझं उत्तर फार देखणं येत होतं: इतकं छोटं घड्याळ जवळजवळ फुकटात चालतं.

हे कोल्हारात सांगणार कुणाला? शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, घड्याळांवर शिकतेय. दुसऱ्या दिवशी त्या बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या. मी सेल बदलला, मागचं झाकण उघडून पाहिलं, ते काही चालू झालं नाही. काकू ते घेऊन परत गेल्या आणि माझ्या शिक्षणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सकाळ तात्यांच्या अंघोळीत, औषधात, हातापायाच्या व्यायामात जायची. दुपारी मी लॅपटॉप उघडायची. दर गुरुवारी सरांशी बोलणं व्हायचं. रस्त्यावरून गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर जायला लागले की मी माईक बंद करायची. पुढे सर वर्षभरासाठी परदेशी गेले आणि गुरुवार महिन्यातून एकदाच यायला लागला. लॅबमधल्या मुलींच्या ग्रुपवर आधी माझी चौकशी व्हायची, नंतर नुसते त्यांचे फोटो यायचे. कितीतरी दिवस असे गेले की ‘गोळी घेतली का’ आणि ‘उठून बसायचंय का’ यापलीकडे माझ्या तोंडून वाक्य निघालं नाही.

एका दुपारी तात्यांनीच विचारलं की मी दिवसभर काय लिहीत असते. मी जमेल तसं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांची सगळी नोकरी पाटकरी म्हणून गेली होती. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला किती तास, ते घड्याळ लावून सोडायचं आणि वेळ झाली की कालव्याचं दार खाली टाकायचं, हे त्यांचं काम. माझं बोलणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, झोप लागली.

मग जड जिभेनं, थांबत थांबत म्हणाले, “घड्याळाला काय लागतंय? चावी दिली का चालतंय आपलं. मेहनत बघनाऱ्याची. पान्याची पाळी आली का आठ-आठ दिस म्या निस्ता त्याच्याकडं बघत हुतो. चालून ते न्हाई दमलं, बघून मी दमलो.”

मी हसले आणि चहा टाकायला उठले. दूध तापत होतं तेव्हा त्यांचं बोलणं एकदम वेगळ्या अर्थानं कळलं. इलेक्ट्रॉननं उडी मारली हे कळण्यासाठी शेजारून एक बारीक विद्युतप्रवाह सतत सोडावा लागतो. उडीगणिक तो किंचित बदलतो, तेव्हा आपल्याला टिक दिसते. त्या प्रवाहाची उष्णता मी कुठेच धरली नव्हती. मी चालण्याचा हिशेब केला होता, बघण्याचा नाही.

पुढचे दोन आठवडे मी सगळं नव्यानं मांडलं. बघण्याची उष्णता इतकी मोठी निघाली की तिच्यापुढे चालण्याची दिसेनाशी झाली. माझं देखणं उत्तर चूक ठरलं. सरांना फोन केला. ते म्हणाले, “हे खरं आहे. आणि आधीच्यापेक्षा महत्त्वाचं आहे. पण तुला बरंचसं पुन्हा लिहावं लागेल.” फोन ठेवल्यावर आनंद झाला की रडू आलं, सांगता येत नाही. विचारायलाही कुणी नव्हतं. तात्या झोपले होते.

पुन्हा लिहिण्यात वर्ष गेलं. तोंडी परीक्षा कोल्हारहूनच ऑनलाइन दिली. आतल्या खोलीत तात्या खाटेवर होते, मधलं दार उघडं होतं. परीक्षकांनी विचारलं, ही गोष्ट अचानक कशी लक्षात आली? मी म्हटलं, आकडेमोड पुन्हा तपासताना. का तसं म्हटलं ते मला आजही नीट कळत नाही. त्या मोठ्या लोकांपुढे पाटकरी हा शब्द उच्चारायची लाज वाटली, हेच खरं असावं. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी आत गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “झालं का पास?” मी हो म्हटलं. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

तीन महिन्यांनी ते गेले. तो मुद्दा त्यांच्याच बोलण्यातून सुचला, हे त्यांना सांगायला माझ्याकडे तीन महिने होते. मी सांगितलं नाही.

आता मी शेवगावच्या एका कॉलेजात शिकवते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते. मागच्या हिवाळ्यात त्या कामाचा लेख छापायला पाठवताना शेवटच्या आभारांत एक ओळ घातली: या लेखातला मूळ मुद्दा कोल्हारच्या एका निवृत्त पाटकऱ्यांचा आहे. मसुदा वाचून सरांचा फोन आला. हे कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“मला तेव्हा का नाही सांगितलंस?” ते म्हणाले. “मी त्यांच्याशी बोललो असतो.”

ती ओळ तशीच ठेव, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी लेख पाठवून दिला, लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून उद्यासाठी दूध घेऊन आले.