एक खोट दिसली की दुसरी हुडका

जीपच्या सीटखाली धूळ साचती तसे आमच्या दवाखान्याचे किस्से साचलेत. झाडलं की निघत्यात. श्रीरामपूरकडं एका दवाखान्याच्या जीपवर मी ड्रायव्हर हुतो. डोकं तापट, शाळा चौथी. पन आमच्या डॉक्टरीणबाईंपुढं माझी बोलती बंद! जन्मलेलं पोर त्या केसापास्नं नखापर्यंत बघायच्या. म्हनायच्या, "एक खोट दिसली की दुसरी हुडका. दोन-तीन एकत्र आल्या की त्या दुखण्याला नाव असतं." अशी नजर आख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

*

एक नवा डॉक्टर आल्ता. पोर बघून म्हनला, ओठ फाटलाय, बाकी ठीक.

बाई म्हनल्या, "ओठ तर त्याच्या आईलाही दिसला. तुम्हाला काय दिसलं?"

गडी परत आत गेला. टाळू बघितली, कान बघितले, पार तळपाय बघितले.

*

पारनेरकडची एक पोर. हाताला सा बोटं, आन् जन्मताच दात. बाप म्हनं सावं बोट लई शुभ, चुलता म्हनं दात अशुभ. बाईंनी दोन्ही बघितलं आन् छातीला नळी लावली. काळजाला भोक! तिन्ही खोटी एकाच दुखण्याच्या.

ऑपरेशनला पुन्याला निघालो, तर बाप-चुलत्याचं जीपमधी बी तेच शुभ-अशुभ चालू. करकचून ब्रेक दाबला. म्हनलं, "भांडायचंय त्यानं उतरा. मला पोर न्ह्यायचीय."

कुनी उतरलं न्हाई. पोर जगली.

*

दुष्काळाच्या साली माझ्याच लेकीला, शेवंताला, पोरगं झालं. वरचा ओठ फाटलेला. विहीणबाई तोंडावर पदर धरून म्हनल्या, हिनं ग्रहनात वांगी चिरली असनार. ठिवा तुमच्याकडंच, आमी लेकाला दुसरी करू.

माझं डोकं फिरलं. अंगावर गेलो, तर बाई मधी उभ्या.

त्यांनी पोराचा खालचा ओठ हळूच दाबून दावला. त्यावर दोन बारके खड्डे, शेजारी-शेजारी. म्हनल्या, "वरचा ओठ फाटलेला आणि खाली हे खड्डे. हे घराण्यातून येतं, ग्रहणातून नाही." मग विहिणीकडं वळल्या. "आजी, पदर जरा बाजूला घेता?"

सोयरीक जमवताना, लग्नात, कधीच ह्या विहीणबाईंच्या तोंडावरचा पदर हललेला न्हवता. मला वाटायचं, लई मानपान.

पदर खाली आला. खालच्या ओठावर दोन खड्डे.

विहीणबाईंनी पोर उचललं, त्याच पदराखाली घेतलं आन् लेकीजवळ बसल्या.

"शेवंते, उठ. माझ्या धाकट्या भावाला बी असंच हुतं. दूध कसं पाजायचं, ते दावते तुला."