शब्दकोशात शिवलेला दाखला

आमच्या कॉलेजची दगडी इमारत, घड्याळाचा मनोरा, जुनी विहीर यांचे फोटो लोक हौसेने काढतात. मी मात्र हे सगळं पहिल्यांदा नीट पाहिलं ते धावताना.

दोष माझाच. सोलापुरात मावशीकडे राहून ॲडमिशनचं चाललं होतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला ऑफिसच्या खिडकीत द्यायचा होता, पण रांग मोठी, म्हणून मी वाचनालयात जाऊन बसले. आमच्या सांगोल्याच्या घरी महत्त्वाचा कागद जाड पोथीत ठेवतात, म्हणजे घडी पडत नाही. त्याच सवयीने मी दाखला टेबलावरच्या जाडजूड, पाठ सुटलेल्या शब्दकोशात ठेवला. खिडकी बंद झाल्याचं कळलं आणि मी शहाणी तशीच उठून मावशीकडे गेले.

आठवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मुदतीचा तो शेवटचा दिवस. वडील गावाहून आले होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, ॲडमिशनचा घोळ झाला तर सरळ घरी यायचं, आत्याने आणलेलं स्थळ हातचं घालवायचं नाही. त्यांना मनोऱ्याखाली बसवून मी सटकले.

वाचनालयात टेबल रिकामं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, फाटकी पुस्तकं सकाळीच बाइंडिंगला गेली. बाइंडिंगची खोली विहिरीमागे, जिमखान्याला लागून. अंतर फार नाही, तरी मी धावतच निघाले. दुसरा दाखला काढायचा तर शाळेत अर्ज, सह्या, चार दिवस तरी जाणार. दारातच कागद कापायच्या यंत्राचा आवाज आला आणि मी तशीच आत घुसले.

बाइंडर मामा फोनवर कुणाशी तरी तेलुगूत बोलत होते. शेजारी शब्दकोश शिवून तयार होता. मी रडत रडत काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, पुस्तकात सापडलेला कागद ते कधी फेकत नाहीत, जागच्या जागी शिवून टाकतात. माझा दाखलाही त्यांनी प्रामाणिकपणे पक्का शिवला होता.

"उसवावं लागंल की," असं म्हणून ते पात्याने एकेक टाका तोडायला लागले. ते मुळीच घाई करत नव्हते. मला त्यांचा हात ओढावासा वाटत होता.

दाखला निघाला. डाव्या कडेला पाच भोकं.

खिडकी बंद व्हायला आली होती. कारकुनाने कागद उजेडात धरला. कुठल्या फाइलीतून उसवून आणलाय का, असं विचारून त्याने पालकांना बोलवायला सांगितलं.

वडील आले. त्यांनी दाखला पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. 'मला ठाऊक नाही' एवढं जरी ते म्हणाले असते, तरी माझं शिक्षण तिथंच आटोपलं असतं.

"माझ्या हातनं झालं, साहेब," वडील म्हणाले. "पोरीची चूक न्हाय."

कारकुनाने दाखला पुढ्यात ओढला आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर वडिलांनी हळूच विचारलं, "आता सांग, काय झालं हुतं?"

मी पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले.