भीमराजांचा परत आलेला जॉब

भीमराज ओव्हाळ बत्तीस वर्षं लेथ मशीनवर होते. मशीनवर घडवलेल्या भागाला ते जॉब म्हणतात. निवृत्तीनंतरही दर चार दिवसांनी ऐकवायचे, "बाई, माझ्या हातचा एक जॉब कधी परत आला नाही." देहूरोडला आमची घरं समोरासमोर. त्यांची मुलगी श्रद्धा शाळेत माझ्याच हाताखाली शिकली.

श्रद्धा आता चाकणच्या एका कंपनीत तपासणीला आहे. केसभर चुकलेला मालही ती बाजूला काढते. डोंगरात चालवायची सायकल घेताना दुकानदार तिला तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक दाखवत होता. ही म्हणाली, "एका बोटानं थांबते, मान्य. पण डोंगरात बिघडली तर तुम्ही येणार का, दादा? तारेचे द्या. ते मी पान्यानं जुळवीन." तेव्हापासून दर रविवारी ती ब्रेकच्या पॅडची जाडी बघते, चाकावरची पोलादी चकती स्पिरिटनं पुसते. चकतीला बोटसुद्धा लागू देत नाही.

जानेवारीत तिची डोंगरातली पहिली शर्यत होती, सकाळी आठची. सहाला मी झाडांना पाणी घालत होते. श्रद्धा सायकल घेऊन निघाली आणि सवयीप्रमाणे गल्लीच्या उतारावर तिनं दोन्ही ब्रेक दाबले. सायकल किंचाळली आणि पुढेच गेली. पाय घासत घासत ती गटाराच्या कडेला कशीबशी थांबली. शर्यतीच्या वाटेवर दगडाधोंड्यांचा उभा उतार होता. अशा ब्रेकनं तिथं जाणं शक्य नव्हतं.

तिनं वाकून चकती पाहिली. "पप्पा, याला काय लावलं?"

"ऑइल!" दारात उभे असलेले भीमराज अभिमानानं म्हणाले. "काल संध्याकाळी लख्ख पुसून ठेवली. गंजली असती की."

बत्तीस वर्षं शिफ्ट सुटताना उघड्या लोखंडावर तेलाचा बोळा फिरवलेला हात. चकचकीत चकती दिसल्यावर तो आपोआपच गेला असणार.

"पप्पा, पॅडनं चकती घट्ट धरली तर सायकल थांबते. आता पॅड तेल प्यालेत. ते बाद."

भीमराजांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "राहू दे गं, पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी कशाला, बाई? जास्तीचे पॅड आहेत माझ्याकडे." तिनं स्पिरिटची बाटली आणि कोरं फडकं वडिलांच्या पुढ्यात ठेवलं. "चकत्या तुम्हीच पुसा. आधी हात साबणानं धुवा."

त्यांनी तीनदा धुतले, दर वेळी वास घेऊन पाहिला. तोवर तिनं चारही पॅड बदलले. पण नवे पॅड लगेच पकडत नाहीत. वेगात येऊन ब्रेक दाबायचा, असं बऱ्याचदा केलं की ते चकतीवर बसतात. श्रद्धा गल्लीत खालीवर करू लागली आणि भीमराज मध्ये उभे राहून मोजू लागले. "अकरा! जरा जोरात ये की! बारा!"

गॅलरीतून शेजारच्या कस्तुराबाई ओरडल्या, "भाऊ, पोरीला सुट्टीच्या दिवशी शिक्षा का?"

"टेस्टिंग चाललंय, वहिनी! तेरा!"

अठ्ठाविसाव्या वेळी सायकल खिळल्यासारखी थांबली. श्रद्धानं हँडल वडिलांच्या हाती दिलं. त्यांनी पुढचा ब्रेक दाबून सगळा जोर लावला. मागचं चाक उचललं गेलं, पुढचं हललं नाही.

"ओके," भीमराज म्हणाले.

"अजून नाही. मागचा बघा."

त्यांनी मागचाही पाहिला, मग ती गेली.

एकतीस जणींत श्रद्धा सातवी आली. शेवटच्या उतारावर कितीतरी जणी खाली उतरून सायकल ढकलत होत्या. ही बसूनच आली. भीमराज पायथ्याशी उभं राहून प्रत्येक वळणावर तिचा ब्रेक बघत होते.

संध्याकाळी गल्लीत भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते, "श्रद्धाचा सातवा नंबर! आणि ऐका, बत्तीस वर्षांत माझा पहिला जॉब रिजेक्ट झाला. कंपनीत कुणाला जमलं नाही, ते माझ्या लेकीनं केलं!"