कड्याखालचं पाणी

नमुन्याची लोखंडी प्लेट उचलली आणि भूपालअण्णांचं तोंड एवढंसं झालं. खाली ओतलेला ग्राउट, मशीनच्या बुडाखाली भरायचा तो पातळ माल, घट्ट झाला होता खरा, पण वरून आंबोळीला पडते तशी जाळी. नुसती भोकंच भोकं. आदितीने त्यावर चौकटींचा पारदर्शक कागद पसरला, पेनाने एकेक भोक गिरवलं आणि चौकटी मोजून म्हणाली, "अण्णा, प्लेट साठ टक्केच टेकली होती. बाकीची अधांतरी."

शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ही चाचणी चालली होती. बाळासो, अण्णांच्या जोडीने वीस वर्षं राबलेला गवंडी, उगाचच थापी पुसत बसला.

आता भूपालअण्णा मगदूम म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. अठराव्या वर्षी फाउंड्रीत मोल्डर म्हणून लागले, पुढे मशीनच्या पायांची कामं धरली आणि तीस वर्षांत शिरोलीतल्या कितीतरी लेथ-प्रेसच्या पोटाखाली त्यांच्या हातचा ग्राउट गेला. 'अण्णांनी बसवलं, आता भूकंप आला तरच हलंल,' असं कारखानदार म्हणायचे आणि अण्णांना ते मनापासून खरं वाटायचं. का वाटू नये? एकदा बसवलेलं मशीन उचलून खाली बघायला कोण जातंय! आज पहिल्यांदाच आपल्या कामाची खालची बाजू त्यांच्या नजरेला पडली होती आणि माणूस मुळापासून हादरला होता.

नवं काम होतं कागलच्या पुढच्या माळावर. एका संशोधन संस्थेची अकरा टनांची दुर्बीण तिथे यायची होती. काँक्रीटचा जाडजूड खांब, त्यावर बोल्टांनी पाणसळीत धरलेलं सहा फुटी लोखंडी कडं आणि खांब नि कडं यांच्या मधल्या दोन इंचांत ग्राउट. दुर्बिणीचा सगळा भार त्या दोन इंचांवर. कुठे पोकळी राहिली तर कडं तिथे केसभर दबणार आणि खाली केसभर दबलं की वर तारा काचेतून निसटणार. आदिती त्या संस्थेची इंजिनिअर. शाहूपुरीत वाढलेली, वयाने अण्णांच्या लेकीएवढी आणि जिभेने धारदार. नमुन्याची प्लेट नव्वद टक्क्यांच्या वर टेकल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही, असं तिने अण्णांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मग पंधरा दिवस नुसते नमुने आणि नमुने. रेझिनचा ग्राउट ताकदीला राक्षस, पण एप्रिलच्या उन्हात बादलीतच तापून घट्ट धरायला लागला. सिमेंटचा एक प्रकार वाळताना कडेने सुटला. तिसरा बरा निघाला, पण त्याचे पाण्याचे नखरे भारी. एका पोत्याला चार लिटर, तेही काट्यावर तोलून, आत टाकलेला बर्फ धरून. जास्त पाणी वर येतं, प्लेटच्या पोटाला चिकटून बसतं आणि आटलं की तिथे फट सोडून जातं, हे आदितीने अण्णांना नमुना फोडून दाखवलं.

हवेची भोकं मात्र अण्णांनीच बंद केली. "मोल्डात लोखंड दोनीकडनं वतलं की मधी हवा कोंडती," ते म्हणाले. "हितं बी त्योच खेळ हाय की. एकाच बाजूनं वतायचं आणि हात थांबवायचा न्हाय." पुढच्या नमुन्यात प्लेट शहाण्णव टक्के टेकली. आदिती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. अण्णा हसले नाहीत, पण चहा त्यांनीच मागवला.

दुर्बीण चढवायला शनिवारी क्रेन यायची होती. सोमवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, ओतायला सुरुवात झाली. आठ पोती लागणार होती. अण्णा पाणी तोलत, आकडा मोठ्याने सांगत, आदिती वहीत टिपत होती. बाळासो ड्रिलच्या दांड्याने मिश्रण घोटत होता. सहा पोती सुरळीत गेली. कड्याच्या पलीकडच्या कडेला ग्राउट हळूहळू वर येताना दिसू लागला.

सातवं पोतं बादलीत होतं आणि वीज गेली.

"जनरेटर!" आदिती ओरडली आणि स्वतःच खोलीकडे पळाली. ते यंत्र नेमकं त्याच दिवशी रुसलं. बाळासो हाताने घोटायला लागला, त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ओतायच्या पेटीतला ग्राउट सुस्तावला. एकदा का तो मध्येच धरला, तर आधीची सहा पोती आणि पंधरा दिवसांची मेहनत सगळी मातीत. अण्णांच्या पाठीला उन्हाआधीच घाम फुटला. चौदाव्या मिनिटाला वीज आली, आदिती जनरेटरच्या खोलीतून परतायच्या आत ड्रिल फिरलं, पण बादलीतलं मिश्रण पिठल्यासारखं आळलं होतं. ते टाकून देऊन नवं पोतं फोडायला हवं होतं. अण्णांना ते ठाऊक होतं. पण तीस वर्षांची सवय डोक्याला विचारत नाही. हात शेजारच्या पिंपाकडे गेला आणि तांब्याभर पाणी बादलीत पडलं.

मिश्रण लगेच सैल झालं आणि सरसर आत गेलं, मागोमाग आठवं पोतंही गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आदितीच्या वहीत सातव्या पोत्यापुढे चार लिटर लिहिलं होतं. तांब्याचं पाणी वहीत नव्हतं.

मंगळवारी साचा सोडवला. आदितीने लहान हातोडीने कडं वाजवून पाहिलं. तिच्या कानाला सगळं सारखंच वाटलं. मग हातोडी अण्णांनी घेतली. ओतीव लोखंड वाजवून चिरा ओळखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. सहाव्या बोल्टापर्यंत आवाज खणखणीत होता. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये तो बद्द झाला. अण्णांनी दुसऱ्यांदा मारलं नाही. हातोडी खाली ठेवली आणि हात धुवायला गेले.

बाळासोने ते बरोबर हेरलं. नळापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, मी तांब्या बघितलाय. पर मॅडमनी न्हाय बघितला. ताकद तपासायला काढलेले ठोकळे दुसऱ्या पोत्याचे हायत, पास हुणार. कडं उचलून कोण बघतंय?"

"कोन बघतंय," अण्णांनी नुसतं पुन्हा म्हटलं.

त्या दिवशी ते घरी नीट जेवले नाहीत. भीती साधी होती. आज बोललो तर उद्या अख्ख्या शिरोलीत होणार की भूपालअण्णांचा हात सुटला, आता त्यांना पायाची कामं देऊ नका. या माणसाला दुसरं काही येतच नव्हतं. न बोलावं तर शनिवारी अकरा टन त्या बद्द जागेवर बसणार आणि ज्या पोरीने पंधरा दिवस एकेक भोक गिरवलं, तिला वर्षभर कळणार नाही की आपला तारा कशाने हलतोय. अण्णांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

बुधवारी सकाळी ते आदितीच्या टेबलापुढे उभे राहिले. बस म्हटलं तरी बसले नाहीत. "सातव्या पोत्यात मी वरनं तांब्याभर पाणी घातलंय. सहा आणि सात बोल्टांच्या मधी पोकळ वाजतंय. शनवारी वजन ठिवू नगा."

आदितीचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "अण्णा, काल का नाही सांगितलं?"

"भ्यालो."

ती उठून खिडकीपाशी गेली. तिकडून फोनवर क्रेन दहा दिवस पुढे ढकलली, आपल्या साहेबांचे चार शब्द ऐकून घेतले, आणि अण्णांना बाहेर जायला सांगितलं.

गुरुवारी बोल्टांच्या आधाराने कडं वर घेतलं. सहा आणि सातच्या मध्ये दोन तळहात मावतील एवढ्या जागेत ग्राउट कड्याला लागलाच नव्हता. तिथे पाण्याचा गुळगुळीत, राखाडी डाग होता. बाकीची बैठक दृष्ट लागण्यासारखी झाली होती, म्हणून तर बघवत नव्हतं. ठिगळ चालणार नव्हतं. अण्णांनी छिन्नी घेतली आणि चार दिवस स्वतः बसून आठही पोत्यांचा दगड फोडून काढला. बोटांना फोड आले. बाळासो समोरच्या बाजूने फोडत राहिला.

मंगळवारी पहाटे पुन्हा पोती मांडली. या खेपेला जनरेटर आधीच सुरू करून ठेवला होता आणि दोन पोती जास्तीची होती. अण्णा आपण होऊन काट्यापासून लांब, ओतायच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. पाणी आता संस्थेचाच कुणीतरी तोलणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आदिती वही घेऊन आली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज चढवून म्हणाली, "अण्णा, तिकडं काय करताय? पाणी कोण तोलणार?"

"तुमचा माणूस तोलंल की."

"त्याचं चुकलं तर तो मला सांगेल याची मला खात्री नाही. तुमची आहे. या इकडं."

अण्णा पेटीपासून निघाले. ते काट्यापाशी बसले, बादली ठेवली, बर्फ टाकला, पाणी ओतलं. आकडा चारच्या जरासा वर गेला. त्यांनी वाटीने थोडं काढलं, पुन्हा बघितलं.

"चार," ते म्हणाले. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चार लिटर. लिवा."