बाजारतळावरची जागा

आमच्या नगरपालिकेची मी पहिली बाई नगराध्यक्ष. यात माझं कर्तृत्व म्हणाल तर सोडतीत महिला आरक्षण निघालं, आणि बाजारतळाला लागून आमच्या ह्यांचं खताचं दुकान असल्यानं सगळं गाव त्यांना ओळखत होतं. लोकांनी मत त्यांना दिलं, खुर्ची मला मिळाली. कारभार तेच बघणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं; खरं सांगायचं तर मीही. पहिले काही महिने मी हो ला हो केलं.

मग एका बाजाराच्या दिवशी कोल्हारकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईनं मला वाटेतच गाठलं. तिला रस्ता नको होता, दिवे नको होते. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, म्हणून पहाटे घर सोडल्यापासून ती पाण्याचा घोट घेत नाही आणि आता डॉक्टरनं दम भरलाय, एवढंच तिनं सांगितलं. सभेच्या दिवशी मीही तेच करत होते. पालिकेत कधी बाईमाणूस बसेल, हे इमारत बांधणाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं.

विषय सभेत मांडला. एकानंही विरोध केला नाही. आमच्या पालिकेत एवढं एकमत कधी होत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जागा ठरवायची वेळ आली आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येईना. एकाच्या हॉटेलसमोर नको, दुसऱ्याच्या भावाच्या प्लॉटशेजारी नको. पालिकेची मोकळी जागा उरली ती आमच्या दुकानाच्या भिंतीला लागून. मी तिथं येऊन अडणार, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी त्याच जागेवर सही केली.

घरी सांगितलं तेव्हा ह्यांचा घास हातातच राहिला. गिऱ्हाईक काय नाक धरून येणार का, असं विचारलं आणि ताटावरून उठले. पुढं बरेच दिवस आमच्या घरात फक्त भांडी वाजत होती.

मुतारी झाली. आत नळ आला, झाडायला बाई आली. दुकानाच्या गल्लीनं मात्र लक्षात ठेवलं. पुढच्या निवडणुकीत मी पडले, तेही आमच्याच गल्लीनं पाडल्यामुळं. ज्यांच्यासाठी बांधली त्या बाया आसपासच्या खेड्यांतल्या. त्यांचं मत आमच्या गावात नव्हतंच. मला राग आला नाही. उलट सकाळचा चहा निवांत मिळेल, म्हणून बरंच वाटलं.

निकालानंतरच्या बाजारी मी दुकानात बसले होते. ती भाजीवाली पाटी उतरवून समोर उभी राहिली.

"ताई, तुमी पडल्या म्हनं. मग आता ह्याला कुलूप लावत्याल का?"

"नाही लावणार," मी म्हणाले.

ती निर्धास्त होऊन गेली. तसं सांगायचा अधिकार मला राहिलेला नव्हता. पडल्याचं वाईट मला तेव्हा वाटलं.