डाव्या मडगार्डवरचे उस्ताद

सायखेड्याचे रामचंद्र धात्रक, फौजेतले निवृत्त हवालदार. हे नाव मी आधीच लिहून टाकतो, कारण आईवडिलांनंतर मी सगळ्यात जास्त ऋणी असेन तर याच माणसाचा. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये ते उस्ताद होते आणि नाशकात आडगाव नाक्याजवळच्या ट्रॅक्टर सर्व्हिस सेंटरमध्ये आल्यावरही उस्तादच राहिले. दुरुस्त झालेला ट्रॅक्टर मालकाच्या ताब्यात देण्याआधी आम्ही तो सर्व्हिस रोडने आडगावपर्यंत फिरवून आणत असू. तेव्हा साठीकडे झुकलेला हा माणूस डाव्या मडगार्डवर चढून बसायचा, पंजा पत्र्यावर सपाट टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हं. काय ऐकू येतंय, बोल."

मग मला बोलावं लागे. नुसतं 'आवाज येतोय' म्हटलेलं त्यांना चालत नसे. कसला येतोय, कोरडा की ओला, कुठे सुरू होतो, कशाने थांबतो, हे सगळं सांगायचं आणि तेही मोठ्याने. "घशातल्या घशात बोलू नको," ते म्हणत. आडगाव येईपर्यंत माझं क्रिकेटच्या समालोचनासारखं चालू असे. रस्त्यावरचे लोक हसायचे. मला त्याचं काही वाटत नसे, कारण उस्ताद फक्त माझ्याबरोबर बसत. सलीमबरोबर ते सर्व्हिस सेंटरमध्ये कधीही बसले नाहीत.

सलीम अन्सारी मालेगावचा. घरचे यंत्रमागावर काम करणारे. फौजेत तो माझ्यानंतर आला आणि हां हां म्हणता माझ्या पुढे गेला. गंजलेला नट मी अर्धा तास तेल पाजून, ठोकून, शिव्या देऊन सोडवायचो. सलीमने पाना लावला की तो सुटायचा. उस्ताद त्याला 'बेटा' म्हणत, मला 'देवरे' म्हणत. हा फरक मी पहिल्या आठवड्यातच टिपला होता.

पुढे मी नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो. कळवणकडच्या आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. निकालाचं कळल्यावर उस्तादांनी सगळ्या वर्कशॉपला जिलबी वाटली आणि त्या दिवसापासून ते मला अधूनमधून 'ग्रॅज्युएट' म्हणू लागले. मी खूश झालो. पण जिलबीचा पहिला तुकडा त्यांनी सलीमच्या तोंडात घातला होता, हेही मी पाहिलं होतं.

ज्याने गाडीला हात लावला त्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, हा फौजेच्या वर्कशॉपचा रिवाज. तिथे उस्ताद सगळ्यांबरोबर बसत. आमच्या आधी ते निवृत्त झाले, तेव्हा जाताना म्हणाले, "तुमची सुटायची वेळ आली की कळवा. बाहेरचं जग म्हणजे वेगळी गाडी हाय. तिचा पाना वेगळा." आम्ही दोघांनीही कळवलं आणि दोघांनाही त्यांनी सर्व्हिस सेंटरमध्ये लावून घेतलं.

मुलाखतीची तयारी त्यांनी नाशिक रोडच्या आपल्या दोन खोल्यांत करून घेतली. मॅनेजरच्या जागी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना बसवलं. काकू मेथी निवडत निवडत प्रश्न विचारत. "फौज का सोडली?" असं विचारताच मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, "सेवाकाल पूर्ण झाला, सर." काकू म्हणाल्या, "बसा हो, चहा सांडेल." उस्ताद माझ्या समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बोलताना मान खाली घातली की ते गुडघ्यावर चापट मारत. "तोंड दिसू दे. तोंडाकडे बघून बोल." ही शिस्त त्यांनी सगळ्यांना लावली होती. सलीम पहिल्याच प्रयत्नात पास झाला आणि काकूंनी त्याला जेवायला थांबवून घेतलं. मलाही थांबवलं, पण त्याला आधी विचारलं.

सर्व्हिस सेंटरमधल्या पहिल्याच आठवड्यात मी एक पराक्रम केला. ओढा गावच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला होता. मी फौजेच्या सवयीने इंजिन उघडलं, एक एक भाग पुसला आणि पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडला, मोठ्यापासून लहानापर्यंत. दुपारी मालक आला. चादर बघून तो मटकन खाली बसला आणि त्याने भावाला फोन लावला, "नाना, लवकर ये, ट्रॅक्टर संपवला रे यांनी." मी त्याला म्हणालो, काम नियमाप्रमाणे चालू आहे. त्यावर तो जास्तच घाबरला.

उस्ताद आले. त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि चादरीवरचा एक एक भाग त्याच्या हातात देत, हा काय काम करतो, याला काय झालंय, हे सांगू लागले. भाऊ येईपर्यंत तो शेतकरीच भावाला व्हॉल्व्ह दाखवत होता. संध्याकाळी उस्ताद मला म्हणाले, "फौजेत गाडीला मालक नसतो, देवरे. इथं असतो, आन् तो डोक्याशी उभा असतो. पोटातलं बाहेर काढलंस तर त्याला सांगत जा, लेका." त्यानंतर सांगणं मी कधी सोडलं नाही. सलीमने मात्र वर्षभर मला 'चादर भाई' म्हटलं.

अशी काही वर्षं गेली. मग उस्तादांनी नोकरी सोडायचं ठरवलं. वर्कशॉप कुणाच्या हाती द्यावं, हे मालकांनी त्यांनाच विचारलं. मला शंका नव्हती. पदवी माझ्याकडे होती. मडगार्डवर ते माझ्याबरोबर बसत होते. मी नवा शर्ट शिवून घेतला. उस्तादांनी सलीमचं नाव दिलं.

त्याच दुपारी त्यांनी मला बाजूला घेतलं. ओझरच्या बाजूला एका खासगी आयटीआयमध्ये निदेशक हवा होता, मुलांना ट्रॅक्टर शिकवायला. माझ्याबद्दल ते तिथे बोलूनही आले होते. मी विचारलं, "उस्ताद, माझं काय चुकलं?" ते नेहमीसारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "चुकलं काय नाय. तिथं तुझा लय उपयोग होईल." मला ते हाकलून दिल्यासारखं वाटलं. घरी जाऊन नवा शर्ट मी भावाला देऊन टाकला.

शेवटच्या दिवशी सलीमने मला त्याच्या केबिनमध्ये चहाला बसवलं आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच बसा, देवरे भाई. एक सांगू? एवढी वर्षं झाली, उस्ताद माझ्यासोबत एकदा पण मडगार्डवर नाही बसले. विचारलं तर म्हणायचे, तुझी गाडी ठीकच असते. मैं कितना जलता था तुमपे."

मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. सलीमची गाडी ठीकच असते, म्हणून ते बसत नव्हते. म्हणजे माझी नसायची? ज्याचा मी एवढी वर्षं अभिमान बाळगला, तो नुसता अविश्वास होता? आयटीआयच्या पहिल्या सत्रात मी मुलांना शिकवत होतो आणि मनात हेच चघळत होतो.

उस्ताद आणि काकू नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा सामान भरायला मी गेलो. उस्ताद खिडकीकडे तोंड करून ट्रंक बांधत होते. मी दारातून दोनदा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा मोठ्याने मारली, तरी नाही. मला वाटलं, सलीमच्या नादात आता ओळखही देत नाहीत. तेवढ्यात काकू आतून आल्या आणि त्यांनी उस्तादांच्या खांद्याला हात लावला. मग ते वळले आणि मला बघून हसले.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. "डावा कान फौजेतच गेला त्यांचा. उजवाही उतरत उतरत आता गेल्यात जमा आहे. कानाचं मशीन घालत नाहीत. कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद आहे मला."

"मग ट्रॅक्टर कसे तपासायचे?"

"म्हणायचे, धडधड हाताला कळते, बाकीचं देवरे सांगतो. सलीमला विचारलं की तो 'ठीक आहे उस्ताद' म्हणून मोकळा होतो. देवरे ऐकतो तसं सांगतो. त्याला पोरांपुढे उभं केलं पाहिजे."

डाव्या मडगार्डवर बसलं की उजवा कान चालवणाऱ्याकडे येतो. एवढी वर्षं मी त्या उरल्यासुरल्या कानात ओरडत होतो.

मी बाहेर येऊन ट्रंकेची दुसरी दोरी आवळली. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पंजा सपाट करून माझ्या पंजावर ठेवला, पत्र्यावर ठेवत तसा.

फोनवर त्यांना काही कळत नाही. म्हणून गेल्या रविवारी मी त्यांना पत्र लिहिलं. ते इथे देतो.

आदरणीय उस्ताद,
सादर प्रणाम.

काकूंनी सांगितलं की सलीम दर रविवारी व्हिडिओ कॉल करून तुम्हाला ट्रॅक्टर दाखवतो. दाखवू दे. ट्रॅक्टर दिसून काय उपयोग, हे त्याला कोण सांगणार?

काल माझ्या मुलांनी एक जुना ट्रॅक्टर जोडला. मी डाव्या मडगार्डवर बसलो होतो. स्टार्टरने आधी दोनदा नुसतं टकटक केलं, मग इंजिनाने पकडलं. टॅपेटचा आवाज कोरडा होता, पत्र्यावर शेंगा ओताव्यात तसा. इंजिन तापल्यावर तो कमी झाला. न्यूट्रलला उभा असताना एक बारीक शीळ येत होती, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होण्याआधी येते तशी. क्लच दाबला की थांबायची, सोडला की पुन्हा. चालवणारा मुलगा म्हणाला, गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. बरोबर होतं. मी विचारलं, अजून काय ऐकू येतंय, बोल. तो म्हणाला, काही नाही सर. पण होतं. मडगार्डचा एक बोल्ट ढिला होता. कानाला नव्हता कळत, माझ्या पंजाला कळला.

माझे कान अजून शाबूत आहेत. तोवर दर रविवारी तुमच्या वाटचं ऐकून लिहीत जाईन. सलीम आता मोठा माणूस आहे, त्याला कामं असतात. तेव्हा ट्रॅक्टरचे आवाज आपण माझ्याकडूनच घ्यावेत, ही नम्र विनंती.

आपला,
ग्रॅज्युएट